विचारा वकीलबाईंना : इंग्लंडची भरपाई डिचोलीत बसून मागता येते का?

प्रश्न : वकीलबाई, सप्रेम नमस्कार. माझे वडील नैरोबीत नोकरीला होते. 1968 साली घरची मंडळी तिथून इंग्लंडला, लेस्टरला गेली. माझा जन्म तिथलाच, 1970चा. थोरल्या भावाला जन्मापासून हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. गुडघा सुजला की रात्र-रात्र रडायचा. पुढे हॉस्पिटलने फॅक्टरच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाच्या, बाटल्या घरी द्यायला सुरुवात केली आणि आई स्वतः टोचायला शिकली. 1985 साली त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. 1992च्या जानेवारीत तो गेला, अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं आहे. त्याचं लग्न झालं नव्हतं. मी 1991 साली लग्न होऊन डिचोलीला आले, आई-बाबा 1996 साली कायमचे गोव्यात परतले आणि दोघंही इथेच वारले. आता ओळखीतला एक गृहस्थ म्हणतो की ब्रिटिश सरकार अशा लोकांना पैसे देतंय, तो सगळं करून देईल. आधी पन्नास हजार आणि मिळतील त्यातले वीस टक्के. घरचे म्हणतात, बाबांनी तेव्हाच सही करून काही रक्कम घेतली होती, आता काय मिळणार? आईच्या ट्रंकेत एक वही सापडली आहे. त्यात तारखा, इंजेक्शनांचे नंबर आणि ‘उजवा गुडघा’, ‘डावं कोपर’ असं लिहिलेलं आहे. तिचा काही उपयोग आहे का? नाव छापू नका. सुनेच्या माहेरी यातलं काही ठाऊक नाही. — एक बहीण, डिचोली

उत्तर : ताई, आधी ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कुलूप लावून ठेवा. आणि त्या गृहस्थाला एक पैसाही देऊ नका.

योजना खरी आहे. इंग्लंडमध्ये 1970च्या दशकापासून 1991पर्यंत सरकारी आरोग्यसेवेत दूषित रक्त आणि रक्तापासून बनवलेली औषधं दिल्यामुळे तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सीची लागण झाली. सुमारे तीन हजार दगावले. तुमच्या भावासारख्यांचं दुखणं फॅक्टर आठ या भुकटीतून आलं. एकेक बॅच हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायची. त्यातला बराच माल अमेरिकेतून यायचा आणि तिथे पैसे घेऊन रक्त देणारे, तुरुंगातले कैदी, असे सगळे दाते असायचे. हजारांत एक जण बाधित असला तरी अख्खी बॅच नासायची. रक्तस्रावाचे आजार असलेल्या साधारण बाराशे पन्नास जणांना यातून एचआयव्ही झाला. त्यांत तीनशे ऐंशीच्या आसपास मुलं होती. हँपशरमधल्या ट्रेलोर या अपंग मुलांच्या निवासी शाळेत तर हिमोफिलियाची मुलं एकगठ्ठा सापडली, त्यांतली फार थोडी आज हयात आहेत.

न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी समितीचा अहवाल 20 मे 2024 रोजी आला. हे सगळं अपघाताने घडलं नाही, बरंचसं टाळता आलं असतं, आणि सरकारने व आरोग्यसेवेने वर्षानुवर्षं सत्य दडवलं, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्याच वर्षी संसदेने कायदा करून भरपाईसाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमलं आणि ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात 11.8 अब्ज पौंड बाजूला काढले.

या योजनेची एक गोष्ट मला वकील म्हणून फार महत्त्वाची वाटते. डॉक्टर चुकला की कंपनी चुकली की मंत्रालय, हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. उपचार तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत झाला होता, लागण त्या उपचारातून झाली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि तुमचं नातं काय, एवढंच दाखवायचं. तुम्ही आज कुठे राहता, पासपोर्ट कुठल्या रंगाचा, याच्याशी देणंघेणं नाही. गोव्यात तो पासपोर्टचा प्रश्न पहिला विचारला जातो, म्हणून सांगते.

आता तुमचं प्रकरण. तुमचे दावे दोन आहेत, आणि ते वेगळे ठेवायचे. बहुतेक घरांत गोंधळ इथेच होतो.

पहिला दावा भावाच्या नावाचा. तो हयात नाही, तेव्हा त्याला जे मिळायला हवं होतं ते त्याच्या मालमत्तेत जमा होतं आणि त्याच्या वारसांकडे जातं. यात पाच भाग असतात : आजाराचं नुकसान, समाजात जे भोगलं ते, माणसाचा स्वतःच्या आयुष्यावरचा हक्क हिरावला गेला ते, शुश्रूषेचा खर्च आणि बुडालेली कमाई. भाऊ अविवाहित, निपुत्रिक वारला. मृत्युपत्र नसेल तर इंग्लंडच्या कायद्याने त्याचे वारस आई-वडील. त्यांच्यामागे आज तुम्ही एकट्याच उरला असाल तर साखळी तुमच्यापर्यंत येते. पण ती कागदावर जोडावी लागेल. आई-बाबा गोव्यात वारले, त्यांचे वारस कोण हे इथल्या विशेष नोटरीसमोर, म्हणजे सबरजिस्ट्रार कचेरीत, सक्सेशन डीड करून दाखवता येतं. आपल्याकडच्या 2012च्या उत्तराधिकार कायद्यात त्याची तरतूद आहे. मात्र केवळ गोव्याच्या डीडवर तिथे भागत नाही. भावाच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार तिथल्या प्रोबेट कचेरीकडूनच घ्यावा लागतो. डीडचं इंग्रजी भाषांतर करा, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, घ्या आणि मग ती फाइल तिथल्या वकिलाकडे द्या.

दुसरा दावा तुमचा स्वतःचा, बहीण म्हणून. बाधित माणसाची जोडीदार, आई-वडील, मुलं, शुश्रूषा करणारे यांच्याबरोबर भावंडांनाही योजनेत जागा आहे, पण अट अशी की लागण झाल्यानंतर, तुम्ही अठरा वर्षांच्या व्हायच्या आत, निदान दोन वर्षं त्याच्याबरोबर एका घरात राहिलेल्या असाव्यात. तुम्ही 1970च्या, म्हणजे अठरा झालात 1988 साली. तपासणी 1985ची. वहीतली औषधं त्याही आधीची. अट बसते. शाळेचा दाखला, जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं, भावाबरोबरचे घरातले तारीख असलेले फोटो, जे सापडेल ते गोळा करा. ही रक्कम पहिल्या दाव्यापेक्षा लहान असते, पण ती वारस म्हणून नव्हे, तुमच्या हक्काची म्हणून येते.

तुमच्या आईचा दावा मात्र नाही. जे आप्त 21 मे 2024च्या आधी वारले, त्यांच्या स्वतःच्या नावाने काहीच मागता येत नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं मुलाच्या शिरेत सुई घातली, आणि ज्या बाटलीतून पोराचं मरण आलं ती स्वतःच्या हाताने फोडली, तिच्या दुःखाची सरकारी दप्तरात किंमत शून्य. मला ही तारीख पटलेली नाही. शुश्रूषेचा भाग भावाच्या दाव्यात येतो, एवढाच काय तो दिलासा, आणि तिथे आईची वही कामाला येईल.

त्या वहीबद्दल. तिथली हिमोफिलियाची केंद्रं घरी उपचार घेणाऱ्यांना प्रत्येक डोसाची नोंद ठेवायला सांगत : तारीख, कुठला सांधा, किती बाटल्या, बॅच नंबर. पुष्कळ रुग्णालयांतले त्या काळचे कागद आज नाहीत. मंत्रालयातल्या फायली नष्ट झाल्याचंही चौकशीत निघालं. ज्या काळाचा कागद सरकारकडे नाही, त्या काळाची नोंद तुमच्या आईच्या अक्षरात आहे. ‘उजवा गुडघा’ मराठीत लिहिलंय म्हणून संकोचू नका, भाषांतर करून जोडता येतं. पानं सुटी करू नका, मूळ वही कुणाच्या हाती देऊ नका, प्रत्येक पानाचा सरळ उजेडात फोटो काढा. शिवाय इंग्लंडमध्ये हिमोफिलियाच्या डॉक्टरांच्या संघटनेकडे रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. वकिलामार्फत तिथे भावाच्या नावाची विचारणा करा.

दाखल्यावर न्यूमोनिया आहे याची काळजी करू नका. त्या वर्षांत कित्येक घरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीने दाखल्यावर एड्स हा शब्द येऊ दिला नाही. हे चौकशीपुढे अनेकांनी सांगितलेलं आहे.

बाबांच्या सहीचंही तसंच. 1991च्या सुमारास सरकारने एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना सानुग्रह रक्कम देऊ केली आणि बदल्यात लिहून घेतलं की यापुढे हिपॅटायटिसबद्दलही खटला करणार नाही. आपल्याला हिपॅटायटिस सी झालाय हे तेव्हा कितीतरी जणांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. अशी सही त्या वेळी असंख्य बापांनी केली. त्या सहीमुळे आजचा दावा बुडत नाही. जुनी सानुग्रह मदत आताच्या भरपाईतून वळतीही होत नाही. वळते होतात ते अलीकडचे अंतरिम हप्ते, म्हणजे 2022पासून दिले गेलेले. मृतांच्या मालमत्तेला एक लाख पौंडांचा असा अंतरिम हप्ता 2024च्या ऑक्टोबरपासून मागता येऊ लागला.

राहिला तो गृहस्थ. प्राधिकरण अर्जासाठी फी घेत नाही. दावेदाराला लागणाऱ्या स्वतंत्र वकिलाचा खर्चही तेच उचलतं. तेव्हा वीस टक्के कशाचे? त्याला तिथला फॉर्म भरता येत असेल, पण तो तुमच्या नातवंडांनाही भरता येईल. प्राधिकरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी ‘दावा करण्याचा इरादा’ नोंदवायचा असतो, तेवढं नाव, पत्ता, नातं एवढ्यावर होतं. नंतर ते क्रमाक्रमाने बोलावतात. हयात रुग्णांना पहिला मान आहे, तेव्हा धीर धरावा लागेल. अर्जाची मुदत 31 मार्च 2031पर्यंत आहे, पण तुम्ही तिची वाट पाहू नका. बँकेचा खातेक्रमांक किंवा आधारचा ओटीपी फोनवर मागणारा कुणीही आला तर तो लेस्टरचा नव्हे, लबाड आहे असं समजा.

नाव छापलेलं नाही. तुम्ही का विनवलंत ते मला कळतं. मी वकिलीला नुकती लागले होते तेव्हा, 1989 साली, पर्राच्या डॉमनिक डिसोझांना पोलिसांनी पकडून जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काय, तर नेमाने रक्तदान करणाऱ्या या माणसाच्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्यांच्या आईने हायकोर्टात दाद मागितली, पण बाधिताला वेगळं ठेवण्याचा गोव्याचा तेव्हाचा कायदा कोर्टाने उचलून धरला. डॉमनिक 1992 साली वारले, तुमच्या भावाच्याच वर्षी. सुनेच्या माहेराला आज कळलं तरी काही बिघडू नये, असं माझं मत. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दावा गुप्त राहतो.

प्रश्न : 2023 साली मोटारसायकलवरून पडून माझ्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. खाजगी रुग्णालयात ऑपरेशन, दोन बाटल्या रक्त. आता नोकरीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. इंग्लंडसारखी भरपाई आपल्याकडे मिळते का? — एक वडील, कुडचडे

उत्तर : नाही मिळत. आपल्याकडे रक्तातून लागण झालेल्यांसाठी अशी कायमची योजना नाही. कुठे बोभाटा झाला की मदत जाहीर होते. 2025च्या ऑक्टोबरात झारखंडात चाईबासाला थॅलेसेमियाच्या, म्हणजे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या आजाराच्या, पाच मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याचं उघड झालं, तेव्हा सरकारने दोन-दोन लाख जाहीर केले. जन्मभराच्या औषधाला दोन लाख! बाकीच्यांनी कोर्टाची पायरी चढायची.

पण ती पायरी अगदीच निसरडी राहिलेली नाही. 2002 साली ऑपरेशन पराक्रमच्या वेळी जम्मूतल्या सांबाच्या लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका जवानाला एक बाटली रक्त चढवलं गेलं. 2014 साली एचआयव्ही निघाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याला परत पाठवलं. सुप्रीम कोर्टाने मात्र 26 सप्टेंबर 2023 रोजी 1 कोटी 54 लाख 73 हजार रुपये द्यायला लावले. घडलेल्या गोष्टीवरूनच निष्काळजीपणा दिसतो, तो झाला नाही हे रुग्णालयाने दाखवावं, असा त्या निकालाचा रोख आहे. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असलाच पाहिजे.

तुमच्यासाठी कागदांची घाई सगळ्यात मोठी. रुग्णालयाने दाखल रुग्णाची कागदपत्रं किमान तीन वर्षं ठेवायची असतात आणि लेखी मागितल्यावर बहात्तर तासांत द्यायची असतात. रक्तपेढीने नोंदी पाच वर्षं ठेवायच्या. म्हणजे 2023च्या ऑपरेशनचे कागद आता जायच्या वाटेवर आहेत. आजच अर्ज लिहा, पोचपावती घ्या. अर्जात तीन गोष्टी नाव घेऊन मागा : रक्ताच्या दोन्ही पिशव्यांचे क्रमांक, त्यांच्या तपासणीचे निकाल, आणि मुलाची ऑपरेशनपूर्वीची रक्ततपासणी. हाडाच्या ऑपरेशनआधी बहुधा सगळेच एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासतात. तेव्हाचा सीचा अहवाल निगेटिव्ह असेल तर तुमची केस उभी राहिली. तो नसेल तर समोरचा वकील दंतवैद्य, न्हावी, टॅटू, सगळ्यांची नावं घेईल.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. ती आजार कळला तेव्हापासून मोजावी असं तुमचं म्हणणं राहील, आणि उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग मडगावला बसतो, तुम्हाला लांब नाही. (एचआयव्ही झालेल्या वाचकांसाठी जाता जाता : 2017च्या कायद्याने त्यांना टोपण नावाने खटला चालवण्याची मागणी करता येते.)

खटला चालत राहील, उपचार थांबवू नका. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांना बारा आठवडे पुरतात आणि शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही औषधं 2018पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जाऊन चौकशी करा. बरा झाला म्हणून दावा बुडेल, अशी भीती काहींना वाटते. मुलाचं यकृत पुराव्यासाठी राखून ठेवायचं नसतं.

प्रश्न : दूषित रक्तातून लागण झाल्याचं वाचून घरचे मला रक्तदान करू देत नाहीत. देणाऱ्याला धोका असतो का? — विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : देणाऱ्याला लागण होत नाही. सुई आणि पिशवी कोरी असते, तुमच्यासमोर फोडतात, तुमच्यासमोर फोडली नाही तर उठून यायचं. धोका घेणाऱ्याला, आणि तोही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. एचआयव्हीची तपासणी 1989पासून टप्प्याटप्प्याने आली, हिपॅटायटिस सीची 2001 साली. पैसे घेऊन रक्त देणं सुप्रीम कोर्टाच्या 1996च्या निकालानंतर 1998पासून बंद झालं, ते फार बरं झालं. लागण ताजी असेल तर काही आठवडे ती साध्या तपासणीत दिसत नाही, म्हणून शिबिरात जो फॉर्म भरून घेतात त्यातली उत्तरं खरी द्या. मैत्रिणी शेजारी उभ्या आहेत म्हणून लाजून ‘नाही’वर टिक करू नका. वाटलं तर डॉक्टरला बाजूला बोलावून सांगा. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या, आणि उपाशीपोटी जाऊ नका.